रताळ्याच्या रानात थंड मुलखाचं फूल: आइसलँड पॉपी कशी लावायची

संक्रांत झाली की बेळगावजवळच्या बेळगुंदीतल्या आमच्या रानात, विहिरीकडच्या बांधाला लागून एक वाफा फुलायला लागतो. पिवळी, केशरी, पांढरी, मधेच एखादं फिकट गुलाबी. फूल चहाच्या कपाच्या तोंडाएवढं, आणि पाकळी इतकी पातळ की मागं बोट धरलं तर बोटाची सावली पुढून दिसते. रस्त्यानं जाणारी माणसं थांबतात, हे कसलं फूल म्हणून विचारतात आणि जाताना बी मागतात. बी मी देतो. पण नुसतं बी दिलं की काम झालं असं ह्या झाडाचं नाही. माझीच पहिली दोन वर्षं वाया गेली. म्हणून जे कळलं ते सगळं एकदा लिहून काढतोय.

आमचं मुख्य पीक रताळं. मिरगानंतर वेल लावायचे, दसऱ्याच्या आगंमागं काढायला सुरुवात करायची, आणि मग रान मोकळं. फुलझाडाचा नाद मला नव्हता. दारात आईनं लावलेली शेवंती आणि बांधावर झेंडू, तेवढंच. नाद लागला तो धाकट्या भावामुळं. तो मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. ट्रेनिंग इथं बेळगावातच झालं, पुढं लडाखला बदली झाली. जुलै महिन्यात एकदा फोनवर म्हणाला, "दादा, इथं झाड म्हणून बघायला मिळत नाही, नुसते दगड. पण दगडाच्या फटीत तळहाताएवढी हिरवी गादी असते आणि तिच्यावर मोहरीएवढी फुलं. रात्री बादलीतलं पाणी गोठतंय, आणि सकाळी ही फुलं उघडी." मी ते आईला सांगितलं. आई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आपल्याकडं येईल काय रे तसलं?"

तसलं येत नाही, हे आधीच सांगतो. दगडात गादीसारखी वाढणारी ती झाडं बर्फाखाली झोपतात आणि थंड उन्हाळ्यात जागी होतात. आपल्याकडचा एप्रिल त्यांना सोसत नाही. हिमालयातली निळी पॉपी, मेकोनॉप्सिस म्हणतात ती, तिची बियाणंही विकायला असतात, फोटो बघून मन जातं. तिच्यावर पैसे घालवू नका. तिला उन्हाळाच थंड लागतो, आणि तो आपल्याकडं कुठनं आणायचा? थंड मुलखातल्या ह्या सगळ्या गोतावळ्यातलं एकच फूल आपल्या हिवाळ्यात बसतं, ते म्हणजे आइसलँड पॉपी. बियांपासून फुलापर्यंत तिला चार महिने लागतात, आणि बेळगावला बरोबर तेवढी थंडी मिळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. जुनी माणसं ह्याला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १३-१४ अंशांवर येतो, एखाद्या रात्री त्याच्याही खाली जातो. रताळ्याच्या वेलीला ती थंडी मानवत नाही, पण पॉपीला तेच हवं असतं.

नाव आइसलँडचं असलं तरी झाड मूळचं आइसलँडचं नाही. सैबेरिया, मंगोलिया, मध्य आशियातले उंच डोंगर हा तिचा मुलूख. १७५३ साली लिनियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिला 'न्यूडिकॉल' असं नाव दिलं, म्हणजे उघड्या देठाची. पानं सगळी जमिनीलगत पसरलेली, आणि मधून निघणाऱ्या देठावर एकही पान नाही. हे नाव लक्षात ठेवा, पुढं अफूचा विषय आला की ते उपयोगी पडणार आहे. तिच्या मुलखात हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांच्याही पुढं जातो, तरी बर्फाखाली तिचं मूळ जिवंत राहतं. तिची एक बहीण, आर्क्टिक पॉपी, ह्याहून काटक. ग्रीनलँडच्या उत्तरेला ८३ अंश अक्षांशापलीकडं एक चिमुकलं बेट आहे, त्याच्या पुढं समुद्र आणि बर्फच. त्या बेटावरसुद्धा ती उगवलेली सापडली आहे. तिचं फूल दिवसभर सूर्याकडं तोंड फिरवतं. पाकळ्यांची वाटी ऊन गोळा करते, आणि वाटीच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा काही अंश जास्त ऊब असते. त्या उबेला किडे येऊन बसतात, आणि बीही लवकर पिकतं.

हे सगळं सांगितलं ते अशासाठी, की ह्यातनंच तिची निगा कशी करायची ते कळतं. थंडीची हिला भीती नाही, तेव्हा रात्री झाकपाक करू नका. ऊन हिला भरपूर पाहिजे. भीती आहे ती तीनच गोष्टींची. गरम माती, पायाशी साठलेलं पाणी, आणि दुखावलेलं मूळ. माझं पहिलं वर्ष पावसानं खाल्लं, दुसरं ह्यातल्या दुखावलेल्या मुळानं.

आता अफूचं. आमच्या वाफ्यात पहिल्यांदा बोंडं धरली तेव्हा शेजारचे आप्पा बांधावर आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "अफू लावलास काय रे पोरा? पोलीस येतील." त्यांची काळजी खोटी नव्हती. अफू ह्याच घराण्यातली. आणि परवान्याशिवाय अफू लावणं हा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं गुन्हा आहे, मग ती शोभेला एक-दोन झाडं का असेनात. परवाने मिळतात तेही मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागातच. म्हणून अनारशाला आणलेली खसखस कुंडीत टाकून बघू, असलं काही करू नका, कारण खसखस म्हणजे अफूचंच बी.

ओळख सोपी आहे. मी आप्पांना खाली बसवून हातानंच दाखवली. अफूचं पान निळसर हिरवं, गुळगुळीत, मेण लावल्यासारखं असतं, आणि ते देठाला मिठी मारून बसतं. देठभर पानं असतात, झाड कमरेएवढं होतं. आइसलँड पॉपीचं पान मुळ्याच्या पानासारखं कातरलेलं, केसाळ, आणि सगळी पानं बुडाशी. देठ उघडा, त्याच्यावर उभी लव. बोंडही करंगळीच्या टोकाएवढंच, तेही केसाळ. आप्पांनी देठावरून बोट फिरवलं आणि त्यांची खात्री पटली. तुम्हीही बियांचं पाकीट फेकू नका, जपून ठेवा. सुटं, बिननावाचं बी कुणाकडूनही घेऊ नका. दुसऱ्या वर्षी शहरातल्या एका दुकानात मला सुटंच बी मिळालं होतं, त्यातलं एकही उगवलं नाही, आणि आता वाटतं की नाही उगवलं तेच बरं झालं.

पेरणीची वेळ. आई घट बसवते, पत्रावळीवर माती घालून धान्य पेरते, त्याच दिवसांत मी हे बी पेरतो. नवरात्र मागंपुढं होतं, म्हणून तारखेनं सांगायचं तर २५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. ह्याच्या आधी हवा दमट असते आणि रोपं कोलमडतात. दिवाळीनंतर पेरलं तर झाडं उगवतात, वाढतातही, पण फुलायच्या वेळी मार्च उजाडतो आणि ऊन त्यांना गाठतं. रोपाला पूर्ण मार्गशीर्ष आणि पौष मिळाला पाहिजे, हिशोब एवढाच. पेरणी मात्र छपराखाली करायची, कारण परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही गाठतो. पहिल्या वर्षी मी कोथिंबिरीसारखं बी सरळ वाफ्यात फोकून टाकलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी वळीव आला आणि तासाभरात सगळं बी सरीतनं वाहून विहिरीकडं गेलं. दोन पाकिटांचं बी होतं ते.

बी किती बारीक ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. खसखशीपेक्षाही बारीक, तपकिरी-काळं. एका ग्रॅमात हजारो दाणे. चिमटीत धरलं की पन्नासभर येतात आणि कुठं पडले ते दिसत नाही. हा घोळ आईनं सोडवला. तिनं बी एका वाटीत घेतलं, त्यात आठ-दहा पट कोरडी, चाळलेली बारीक वाळू मिसळली, आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीतून रांगोळीची रेघ ओढावी तसं सोडत गेली. हात सरकत होता आणि रेघ सारखी पडत होती. ज्यांच्या हाताला रांगोळीची सवय आहे त्यांच्याकडूनच हे काम करून घ्या. तुमच्या-माझ्या हातानं एकाच जागी ढीग पडतो.

पेरायचं कशात, तर वर्तमानपत्राच्या पुंगळ्यांत. हे माझं तिसऱ्या वर्षीचं शहाणपण. दुसऱ्या वर्षी रोपं ट्रेमध्ये चांगली आली होती, पण उपटून लावताना मुळं तुटली. ह्या झाडाला गाजरासारखं एक सोटमूळ असतं, ते सरळ खाली जातं. मिरचीचं, टोमॅटोचं तरू उपटून लावलं तरी दोन दिवसांत उभं राहतं. हे राहत नाही. साठातली नऊ जगली, तीही खुरटी. तेव्हापासून पुंगळी. कागदाची दुहेरी पट्टी करून जुन्या लाटण्यावर गुंडाळायची, चार बोटं उंच, तळ उघडाच ठेवायचा, आणि टोमॅटोच्या क्रेटमध्ये एकमेकीला चिकटवून उभ्या रचायच्या. क्रेटच्या तळाशी आधी एक ओलं गोणपाट अंथरायचं. पुंगळ्यांत दोन वाटे चाळलेली तांबडी माती, एक वाटा जुनं शेणखत आणि एक वाटा बारीक वाळू. शेणखत हाताला मातीसारखं लागलं पाहिजे, वास येता कामा नये. कच्चं शेण असलं की मुळं खाणारी हुमणी अळी येते आणि बुरशीही. आमच्या पश्चिमेकडच्या तांबड्या जमिनी जरा आंबट, म्हणून घमेल्याला एक मूठ चुलीतली राख मी टाकतो.

माती भरल्यावर आधी पाणी द्या, मग पेरा. पेरल्यावर वरून माती घालायची नाही. उजेड लागला तरच हे बी रुजतं. बोटानं हलकं दाबून मातीला टेकवलं की पुरे. त्याच्यावर झारीनंसुद्धा पाणी घालू नका, बी उड्या मारून एका कोपऱ्यात जमा होतं. खालचं गोणपाट ओलं ठेवायचं. माती तळातून पाणी ओढून घेते, दिव्याची वात तेल ओढते तशी. क्रेट पडवीत ठेवायची, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. दहाव्या ते पंधराव्या दिवशी केसाएवढे हिरवे ठिपके दिसतात. पहिला आठवडाभर ते वाढतच नाहीत असं वाटेल. घाई करू नका, खत टाकू नका. ते खाली मूळ सोडत असतं.

दोन खरी पानं आली की प्रत्येक पुंगळीत एकच धडधाकट रोप ठेवायचं. बाकीची उपटायची नाहीत, नखानं किंवा कात्रीनं मातीलगत खुडायची, नाहीतर शेजारचं मूळ हलतं. हे करताना माझा जीव अजूनही खालीवर होतो, पण एका पुंगळीत दोन ठेवली की दोन्ही जातात. ह्या दिवसांत रोपं बुडाशी काळी पडून आडवी व्हायला लागली तर पाणी जास्त झालं असं समजा. गोणपाट एक दिवस सुकू द्या, क्रेट वाऱ्याला काढा. मी माती भरतानाच शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी, मिसळतो, त्यामुळं कोलमडणं बरंच थांबलं.

रोपं वाढेपर्यंत वाफा तयार करायचा. आमचं रताळं तोवर निघालेलं असतं, जमीन भुसभुशीत असते. गादीवाफा तीन फूट रुंद, दहा फूट लांब, आणि वीतभर उंच. उंची महत्त्वाची, कारण पाणी पायाशी थांबता कामा नये. दिवसभर ऊन लागेल अशी जागा निवडा. सकाळचं ऊन तर पहिलंच पडलं पाहिजे. झाडाच्या सावलीत देठ लांबतात आणि वाकतात. निपाणी-चिकोडीकडं काळी जमीन आहे, पाणी धरून ठेवते. तिकडच्यांनी वाफ्याच्या भानगडीत न पडता कुंडीत लावावी. खानापूरच्या कुंभारांची मातीची कुंडी ह्याला उत्तम. प्लास्टिकपेक्षा माती बरी, कारण मातीची कुंडी घाम टाकते आणि मूळ गार राहतं. कुंडी वीत-दीड वीत खोल असू दे, सोटमुळाला जागा लागते. तळाला खापऱ्यांचे तुकडे घालायला विसरू नका.

नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात चार-पाच पानं झाली की लावणी. ऊन उतरल्यावर लावायची. पुंगळी कागदासकट खड्ड्यात ठेवायची. कागद कुजतो, मुळाला कळतही नाही की जागा बदलली. फक्त कागदाची वरची कड मातीच्या वर राहू देऊ नका. कड उघडी राहिली तर वाऱ्यानं ती सुकते आणि आतली ओल बाहेर ओढून घेते. दोन रोपांत दहा इंच. माझ्या वाफ्यात तीन ओळी, ओळीत बारा, म्हणजे छत्तीस रोपं बसतात. रोपाचा गड्डा, म्हणजे पानं जिथून फुटतात ती जागा, मातीच्या पातळीला पाहिजे. तो मातीत पुरला गेला तर कुजतो.

आणि आता ज्या एका गोष्टीनं माझी झाडं वाचली ती. प्रत्येक रोपाच्या गड्ड्याभोवती वीतभर गोल जांभ्याच्या दगडाचा चुरा पसरायचा, ज्वारी-मक्याच्या दाण्याएवढा, एक बोट जाडीचा. घर बांधताना जांभा तासला की हा चुरा पडतो, कुणीही देईल. नसला तर बारीक खडी चालते. भाऊ जे दगड सांगत होता, तेच हे काम करतात. पाणी पडलं तरी चुऱ्यातून निथळून जातं, गड्डा कोरडा राहतो, खालची माती मात्र ओली आणि गार. भाताचं काड किंवा पाला आच्छादन म्हणून गड्ड्याला लावू नका. रताळ्याला, भाजीला ते चांगलं, पण ह्या झाडाला बुडाशी ओल आणि अंधार मिळाला की आठवड्यात जातं.

पाणी सकाळी द्या आणि बुडाशी द्या, पानांवर नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग तीन-चार दिवसांनी. दिवस मोजण्यापेक्षा चुरा बाजूला करून बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, गार लागलं तर आजचा दिवस राहू दे. दुपारी पानं जरा मलूल दिसली म्हणून धावत जाऊन पाणी घालू नका, संध्याकाळी ती आपोआप उठतात. खताचं थोडक्यात सांगतो. तीन आठवड्यांनी एकदा शेणाचं पातळ पाणी, चहाच्या रंगाचं, बस. युरिया टाकला तर पानं कोबीसारखी माजतात आणि देठ मऊ पडून लोळतो.

किडीचा फार त्रास होत नाही. कळ्यांच्या मानेवर मावा बसतो, त्याला निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी. गोगलगाई नोव्हेंबरच्या ओल्या दिवसांत कोवळी रोपं रात्रीतून साफ करतात. बॅटरी घेऊन जायचं आणि हातानं वेचायच्या, तेवढंच.

वारा मात्र आमच्याकडं खरा त्रास. जानेवारीत वाऱ्याला जोर चढतो आणि फुटा-दीड फुटाचे हे देठ काचेसारखे मोडतात. मी वाफ्याच्या चारी कडांना तुराट्या रोवतो आणि सुतळीचे दोन वेढे देतो, एक वीतभर उंचीवर, दुसरा हातभर. प्रत्येक देठ बांधत बसू नका, त्यांना डोलायला जागा पाहिजे.

डिसेंबरअखेर पानांच्या चक्रात बघा. मधोमध हरभऱ्याएवढी केसाळ कळी दिसते. देठ वर येतो तसा कळीची मान खाली वाकते. पहिल्यांदा मला वाटलं झाड पाण्याला आलं, आणि मी पाणी वाढवलं. तसं करू नका. ही कळी उमलायच्या आदल्या दिवसापर्यंत मान खाली घालूनच असते. मग एका रात्रीत देठ सरळ होतो. सकाळी जाऊन बघितलं तर कळी आभाळाकडं तोंड करून उभी, आणि तिच्या हिरव्या टरफलाला एक उभी चीर, चिरेतून केशरी धागा. टरफलं दोनच असतात. ऊन चढलं की ती सुटतात आणि खाली पडतात, कान देऊन बसलात तर पानावर पडल्याचा आवाज येतो. आत चार पाकळ्या, कपाटात कोंबून ठेवलेल्या रेशमी लुगड्यासारख्या चुरगळलेल्या. तासाभरात, इस्त्री फिरवावी तशा एकेक घड्या निघत जातात आणि वाटी उघडते. मधे हिरवं बोंड, त्याच्या डोक्यावर चांदणीसारख्या रेघा, भोवती पिवळ्या केसरांची झालर. ह्या फुलात मध नसतो, नुसता पराग. तरी आमच्या बांधावरच्या सातेरी जातीच्या मधमाश्या आधी इथं येतात आणि मांड्या पिवळ्या करून जातात. हे बघायला सकाळी आठ ते नऊची वेळ काढा. मी रोजची धार काढून झाली की तिथं जाऊन बसतो.

एक फूल झाडावर चार-पाच दिवस टिकतं. पाकळ्या गळाल्या की बोंड देठासकट बुडातून कापा. बोंडात बी भरायला लागलं की झाड नवीन कळ्या काढायचं थांबवतं. रोज कापत गेलात तर एक झाड शिमग्यापर्यंत फुलत राहतं.

फूलदाणीत ठेवायचं असेल तर उमललेलं फूल तोडू नका. मान सरळ झालेली आणि टरफलाला चीर पडलेली कळी पहाटे कापा, आणि कापलेलं टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर काळं होईपर्यंत तीन-चार सेकंद धरा. टोकातून पिवळसर चीक गळतो, तो थांबतो. मग पाण्यात ठेवा. असं केलं तर घरात चार-सहा दिवस सहज राहतं. न भाजता ठेवलं तर संध्याकाळीच मान टाकतं. चीक हाताला लागला तर हात धुवा. झाडाचे सगळे भाग विषारी आहेत. लहान पोरं आणि करडं वाफ्यात जाणार नाहीत असं कुंपण घाला, आणि ह्याचं बी स्वयंपाकात कधीही वापरू नका.

विकायचा विचार असेल तर माझं मत ऐका. दोन वर्षं मी बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत थोडी फुलं नेऊन बघितली. हार होत नाही, कारण पाकळी सुईला टिकत नाही. देवाला वाहायलाही बायका घेत नाहीत. गाडीवरनं नेताना निम्मी मोडतात. पुष्पगुच्छ करणाऱ्यांनी कळ्या आधी सांगून मागितल्या तर देतो, एरवी हा वाफा घरासाठीच. आईनं मात्र एक मार्ग काढला. ती कळी तोडत नाही. वाफ्याच्या कडेला पणती ठेवते आणि म्हणते, देवाला इथूनच दिसतंय. गेल्या फेब्रुवारीत भाऊ रजेवर आला तेव्हा तो पहिला वाफ्याकडं गेला. बुटासकट उकिडवा बसला आणि फुलाच्या वाटीत बोट घालून म्हणाला, "दादा, आत ऊब आहे बघ." मी इतकी वर्षं फुलं बघत होतो, पण बोट घालून बघायचं सुचलं नव्हतं.

मार्च उजाडला, दुपारचा पारा ३४-३५ वर गेला की पानं पिवळी पडायला लागतात. तिच्या मुलखात हे झाड दोन-तीन वर्षं जगतं, आपल्याकडं नाही. सावली करून, पाणी वाढवून मी एप्रिलपर्यंत ओढायचा खटाटोप केला आहे. झाडाचे हाल होतात, फूल येत नाही. त्याच्यापेक्षा होळीच्या सुमाराला वाफ्यातली सगळ्यात जोमदार तीन-चार झाडं बियांसाठी सोडायची आणि बाकीची मातीलगत कापायची. मूळ उपटू नका, ते जमिनीतच कुजू दे. जूनमध्ये त्याच वाफ्यावर रताळ्याचे वेल जातात, आणि मी बघितलंय, त्या पोकळ झालेल्या वाटांनी पाणी चांगलं मुरतं.

बियांचं बोंड वाळलं की त्याच्या टोपीखाली बारीक भोकं पडतात. मिठाच्या डबीला असतात तशी. वारा आला की त्यातून बी सांडतं. म्हणून बोंड तपकिरी होताच, भोकं पूर्ण उघडायच्या आत, कागदी पिशवी देठावर उलटी घालून बांधा आणि मग कापा. पिशवीतच आठवडाभर सावलीत वाळवा, झटका, बी खाली पडतं. पिवळ्याचं बी पिवळंच निघेल असं नाही, मधमाश्यांनी सगळं मिसळलेलं असतं. मला ते आवडतं, दरवर्षी एखादा नवा रंग निघतो. तुम्हाला ठरलेला रंगच पाहिजे असेल तर दरवर्षी नवीन पाकीट आणावं लागेल.

बी कागदाच्या पुडीत, पुडी स्टीलच्या डब्यात, डब्यात मूठभर भाजून गार केलेले तांदूळ, आणि डबा माजघरातल्या थंड कोपऱ्यात. आमच्या पावसाळ्याची ओल बियांना फार वाईट, त्याला हे तांदूळ. मागायला येणाऱ्यांना मी ह्याच डब्यातनं चिमूटभर देतो, आणि पुडीवर पेनानं लिहून देतो: घटस्थापना, छपराखाली, वर माती घालू नये.